नाखव्याचा हात

दांडीच्या एका माणसाचा हात चुकला नव्हता. हे मला चौदा वर्षं माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. लिहायचं आहे ते एवढंच. माझा आजार, त्याच्या संशोधनासाठी आम्ही गोळा केलेले पैसे, हे सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. पण ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी मूळचा सांगलीकडचा. आयटीआय करून बोईसरला आलो, तारापूर एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो आणि तीन-चार वर्षांनी क्रेनवर गेलो. शेडच्या छताखाली रुळांवर चालणारी क्रेन. तिला पत्र्याची एक केबिन लटकलेली असते, ड्रायव्हर त्यात बसतो. खाली भट्टीतून निघालेल्या सळया निवत पडलेल्या असतात आणि त्यांची सगळी धग वर येते. उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी चहासारखं लागायचं.

खाली असतो तो खलाशी. गठ्ठ्याला साखळी बांधायची, सोडायची, आणि वरच्याला हाताने सांगायचं, हे त्याचं काम. शेडमध्ये आवाज इतका की तोंडाने बोलून उपयोग नाही. पंजा उपडा करून खाली दाबला की आर्या, म्हणजे माल खाली घे. बोट वर करून फिरवलं की हबेस, म्हणजे वर. मूठ म्हणजे थांब. मला क्रेन शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "खाली मॅनेजर बोंबलला तरी बघायचं नाही. तुझ्या खलाशाचा हात, तोच तुझा मालक."

माझा खलाशी दांडीचा, बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या कोळी गावचा. घरची होडी होती, पण खाणारी तोंडं जास्त झाली म्हणून हा ठेकेदाराकडून कारखान्यात आला होता. सगळे त्याला नाखवा म्हणायचे. मला तो पावणा म्हणायचा, घाटावरून आलेला पाहुणा म्हणून.

"पावणा, डब्यात काय आज?"

"भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी."

"परत शेंगदाणं? खारीचा जल्म हाय का तुजा?"

एकदा त्याने सुके बोंबील आणून दिले. म्हणाला, "वयनीला सांग दार लावून भाज, नायतर तुमची सगली घाटी बिल्डिंग खाली होल." आम्ही दार लावून भाजले. तरी वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्याच.

त्याची एक चेष्टा कारखान्यात कायम चालायची. दांडीला होडी खाडीत शिरते तेव्हा पुढच्या टोकावर एक माणूस उभा राहतो. पाण्याखाली खडक असतात आणि इंजिनाच्या आवाजात सुकाणूवरच्याला काही ऐकू येत नाही, म्हणून पुढचा माणूस हाताने सांगतो. पंजा उपडा करून दाबला की इंजिन कमी कर, थांब. म्हणजे होडीवर जो हात 'थांब' सांगतो, तोच क्रेनवर 'खाली घे' सांगतो. नवीन असताना नाखव्याने दोन-तीनदा तो होडीवरचा हात दाखवला आणि मी माल खाली घेतला. नुकसान काही झालं नाही. फक्त हसू झालं. "नाखवा, इथे खडक नाहीत रे," असं पोरं ओरडायची. महिन्या-दोन महिन्यांत त्याची ती सवय गेली. चेष्टा मात्र राहिली, आणि पुढे माझ्या कामाला आली.

आमची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. कारखान्यात कायम करायच्या लोकांच्या यादीत माझं नाव लागलं होतं, साहेबांची सही तेवढी बाकी होती. त्याच महिन्यात मला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. एकावर एक. ट्यूबलाइट एक आणि तिच्याखाली दुसरी. कुठलाही एक डोळा मिटला की सगळं एक व्हायचं. गरम पाण्याने आंघोळ केली की जास्त, पंख्याखाली बसलं की कमी. दुखत काहीच नव्हतं. मी वहीच्या पानाचा एक तुकडा कापला आणि कामावरच्या गॉगलच्या उजव्या काचेला आतून चिकटवला. बायकोने तो बघितला.

"हा कागद कसला?"

"वेल्डिंगचा झोत लागलाय. चार दिवस जपायचंय."

त्याच आठवड्यात कारखान्यात वर्षाची डोळे-तपासणी आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आधी एक डोळा झाकून वाचायचं, मग दुसरा. एकेका डोळ्याने मला शेवटची ओळसुद्धा दिसत होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाच, असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. डोळे उत्तम, असा शेरा मिळाला. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर फार तर खाली बसवलं असतं, कायम व्हायला आणखी वर्ष गेलं असतं. याहून जास्त काही झालं नसतं.

अपघात त्यानंतर पाच दिवसांनी झाला. दुपारची वेळ, पहिली पाळी संपत आलेली. सळयांचा गठ्ठा लाकडी ठोकळ्यांवर उतरवायचा होता. केबिनमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या. गठ्ठा जमिनीपासून फूटभर वर असताना काचेवरचा कागद ओला होऊन सुटला आणि माझ्या मांडीवर पडला. खाली मला दोन नाखवे दिसले. एकाचा हात खांद्याशी होता, दुसऱ्याचा कमरेशी. वरच्या हाताची मूठ होती. ती मी पाहिली. अंगठा बाहेर होता, हेसुद्धा पाहिलं. पण खालचा हात खाली-खाली सरकतोय असं वाटलं आणि मी आर्या समजून माल सोडला. नाखव्याने मूठ दाखवली होती कारण एक ठोकळा वाकडा झाला होता. मूठ वर धरूनच तो ठोकळा पायाने सरळ करत होता. पायाने करायचं नसतं, पण सगळेच तसं करायचे, कारण मूठ दाखवल्यावर वरचा थांबतो यावर सगळ्यांचा विश्वास असतो.

डाव्या पायाची तीन बोटं गेली.

चौकशी दुसऱ्या दिवशी झाली. सुपरवायझर, सेफ्टीचा माणूस आणि मी. टेबलावर माझ्या डोळ्यांचा शेरा होता. रात्रभर मी ठरवत होतो की सांगायचं. शब्द जुळवत होतो, एवढ्यात सुपरवायझरच म्हणाला, "त्याने होडीवरचा हात तर दाखवला नाही ना?"

मी म्हणालो, "हो. तसंच झालं."

खोटं मी शोधलं नाही, ते मला दिलं गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याने काही फरक पडत नाही. तीन शब्दांत काम झालं. सगळ्यांना पटलं, कारण सगळेच त्या हातावर हसलेले होते.

दवाखान्यात मी एकदाच गेलो. नाखवा पाय उंच बांधून पडला होता. मला बघून म्हणाला, "पावणा, तुजा काय दोष नाय. माजाच हात गेला असल. लहानपनापासनं तोच हात हाय ना. मला तर मूठ केल्यासारका आठवतंय, पन मानूस आपल्याला पायजेल तसाच आठवतो."

मी म्हणालो, "होतं असं."

आठवड्याभराने माझ्या कागदावर साहेबांची सही झाली. महिन्याभरात डोळे आपोआप बरे झाले, औषधाशिवाय. दोनाचं एक झालं. मग मी मनाशी म्हणायला लागलो की कदाचित खरंच त्याने पंजा दाखवला असेल. पण अंगठा बाहेर असलेली मूठ काही गेली नाही.

नाखवा कारखान्यात परत आला नाही. त्याची बायको मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या कॉलनीत मासळीची पाटी घेऊन यायची. ती आमच्याकडे टेकायची, बायको तिला चहा द्यायची. त्या दिवशी मी घरातून लवकर निघायचो. निघणं जमलं नाही तर आतल्या खोलीत बसायचो. तिथून ऐकू यायचं.

"होडीवर जातो ना तो?"

"जातो, पन मागं बसतो. त्याचा भाऊ बोलतो, तू पुडं उभा रहा, तुज्याएवडी खाडी कोनाला म्हाईत नाय. तर बोलतो, माजा हात खोटा हाय."

आत मी पेपरची तीच ओळ वाचत असायचो.

आठ वर्षं अशी गेली. मग माझे पाय जड व्हायला लागले. आधी तळव्याखाली चादर पसरल्यासारखं, मग केबिनची शिडी चढताना डावा गुडघा मागे राहायचा. बोईसरच्या डॉक्टरांनी कंबर म्हणून सहा महिने काढले. मग मुंबईला एमआरआय झाला आणि मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस. मेंदूतल्या नसांवरचं आवरण शरीर स्वतःच खरवडतं, म्हणाले. वायरचं रबर गेल्यासारखं. मला ते लगेच कळलं. क्रेनच्या वायरी मी बघितलेल्या होत्या.

डॉक्टरांनी पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं. "हा डाग जुना दिसतो. पूर्वी कधी काही आठवडे दोन-दोन दिसलं होतं का? मग आपोआप बरं झालं?"

"नाही," मी म्हणालो.

बायको शेजारी बसली होती. तेव्हा तिला आठवलं नसावं. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढे लिहायला लागले. त्या खुर्चीत अपघाताच्या त्या दिवसाला पहिल्यांदा नाव मिळालं. म्हणजे डोळे खरंच बिघडले होते आणि मला ते ठाऊक होतं. आजाराच्या नावाने मला सूट मिळाली असती, पण फक्त सांगितलं असतं तर.

कारखान्यात आजाराचं नाव सांगितल्यावर स्टोअरचा माणूस म्हणाला, "एमएस? म्हणजे माइल्ड स्टील?" आमच्या धंद्यात एमएस म्हणजे तेच. मी समजावलं. तो म्हणाला, "काही म्हणा, एमएस गंजतंच." कोणी हसलं नाही, मग मीच हसलो. क्रेन सुटली, काट्यावर बसवलं. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, वजनाची चिठ्ठी द्यायची. बसून काम, पण पत्र्याची खोली. मानेवर ओला टॉवेल ठेवून बसतो. लाइट गेली की दहा मिनिटांत पाय दुसऱ्या कोणाचे तरी होतात. सकाळी आंघोळ थंड पाण्याने, हिवाळ्यातही. लघवीची घाई होते, म्हणून पालघरला दिव्यांगाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा आधी संडास कुठे आहे ते बघितलं आणि मग रांग. दुपारी तीननंतर मी कोणाच्याही उपयोगाचा नसतो. बायकोला ते इतकं ठाऊक झालंय की भांडण असलं तर ती सकाळीच करते.

गेल्या वर्षी मुंबईतल्या रुग्णांच्या एका मंडळाकडून फोन आला. आपल्याकडच्या रुग्णांवर एक अभ्यास व्हायचा होता. रक्ताचे नमुने, आणि प्रत्येकाची हकिगत. त्यासाठी ज्याला जमेल त्याने आपल्या गावात पैसे गोळा करावेत. मी फोन ठेवून दिला होता. बायको म्हणाली, "मी करते."

मग एकटीला कसं जाऊ द्यायचं म्हणून मीही काठी घेऊन निघालो. एक गोष्ट लवकर कळली. आजारी माणसासाठी लोक देतात, संशोधनासाठी देत नाहीत. ऑपरेशन आहे म्हटलं की खिशात हात जातो. अभ्यास आहे म्हटलं की कपाळाला आठी.

"म्हणजे तुम्हाला औषध मिळणार का?"

"नाही."

"मग रिपोर्ट तरी?"

"तोही नाही."

"वहिनी, मग सरळ तुमच्यासाठीच घ्या की. आम्ही नाही म्हणणार आहोत का?"

काट्यावर येणाऱ्या एका बिहारी ट्रक ड्रायव्हरने नीट चौकशी केली. "चाचा, इस पैसे से आप ठीक होंगे?" मी म्हटलं, नाही. "तो कौन होगा?" म्हटलं, माहीत नाही, पुढे कधीतरी कोणीतरी. त्याने पैसे दिले आणि म्हणाला, "तो रसीद उसी के नाम काटो." मी 'पुढचा कोणीतरी' अशा नावाने फाडली. तो ती सीटच्या वर खोचून गेला.

नाखव्याच्या बायकोला हे सगळं माझ्या बायकोकडून कळत होतं. एका शुक्रवारी ती म्हणाली, "वयनी, आमच्या मानसानं बोलावलंय दोघांना. दांडीला या. होड्या येतात त्या टायमाला या."

मी नको म्हणालो. ऊन आहे, रिक्षा हादरते, पाय. बायको म्हणाली, "त्याचा पाय गेला तरी तो येऊन भेटला असता."

किनाऱ्यावर नाखवा उभा होता. केस पांढरे झाले होते. चालताना डावीकडे किंचित झुकत होता. माझी काठी बघून म्हणाला, "ये पावणा. आता दोगांचं मिलून तीन पाय."

त्यांच्यात देवीच्या जत्रेच्या आधी प्रत्येक होडी मासळीची एक पाटी देवीच्या नावाने काढते. ती लिलावात जाते आणि पैसे देवळाला. नाखव्याने तीन होड्यांना राजी केलं होतं की तशीच एक-एक पाटी या रोगाच्या नावाने काढायची. त्याने काय खटपट केली असेल मला माहीत नाही. होड्या लागल्या, पाट्या उतरल्या, बायकांनी लिलाव सुरू केला. भाव चढवताना एक म्हातारी ओरडत होती, "अगं चढ, चढ, देवीची नाय म्हनून काय कमी बोलतंस? रोग ऐकतोय!" नेहमीच्या भावापेक्षा जास्तीला गेल्या तिन्ही पाट्या.

मग नाखवा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माजा क्रेनवाला. माजा हात चुकला तवा ह्यानं कदी वाकडा शबुद काडला नाय. दुसरा कोन असता तर बोलला असता, तुज्यामुलं माजी नोकरी गेली असती."

मी वाळूकडे बघत होतो. त्या म्हातारीने विचारलं, "कसा सुरू होतं रं हे?"

"पायापासून," मी म्हणालो.

पैसे एका पाकिटात घालून त्याने माझ्या हातात दिले. मी घेतले.

मंडळाचा फॉर्म त्यानंतरच्या रविवारी सकाळी भरायला घेतला. पैसे आणि फॉर्म बरोबरच पाठवायचे होते. माझं अक्षर आता लागत नाही, म्हणून बायको लिहीत होती. नाव, वय, झालं. मग प्रश्न होता, पहिलं लक्षण कोणतं, कधी, किती दिवस टिकलं.

"पाय. सहा वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

तिने लिहिलं नाही. खाली बारीक अक्षरात उदाहरणं दिली होती, ती वाचत होती. "एकाच्या दोन वस्तू दिसणे," तिने मोठ्याने वाचलं. "अहो, तो कागद. गॉगलचा. तेव्हा तुम्ही चहा दोनदा बशीबाहेर ओतला होता. मुलगी सहा महिन्यांची होती." तिने बोटांवर वर्षं मोजली. मोजता मोजता थांबली. "म्हणजे नाखव्याचा पाय त्याच..."

मी नजर फॉर्मवरून काढून दाराकडे नेली. तिला तेवढं पुरलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "चौदा वर्षं मी तिला चहा पाजला. माझ्या घरात बसून ती रडायची आणि तुम्ही आत होता."

"सही व्हायची होती," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं ते हे.

"त्यांचं पाकीट घ्या आणि चला," ती म्हणाली. "मी दांडीपर्यंत येईन. बोलायचं तुम्ही."

नाखवा घरामागे जाळं विणत बसला होता. त्याची बायको बांबूंवर बोंबील लटकवत होती. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही, कारण प्यायलो असतो तर सांगणं आणखी लांबलं असतं. म्हणालो, "नाखवा, तुझा हात चुकला नव्हता. तू मूठच दाखवली होतीस. मला दोन-दोन दिसत होतं, आणि ते मला माहीत होतं. चौकशीत मी खोटं बोललो."

विणण्याची सुई त्याच्या हातात तशीच राहिली.

"मूठ?"

"मूठ."

"दाखव. कशी दाखवली मी?"

मी उजवा हात वर केला. तो थरथरतो, म्हणून डाव्याने मनगट धरलं आणि मूठ वळली.

"आंगटा भाईर की आत?"

"बाहेर."

त्याने स्वतःची मूठ वळून बघितली. उघडली, परत वळली. "मंग माजीच," म्हणाला. "आमी आंगटा भाईर ठेवतो. आत ठेवला तर दोरीत मोडतो."

त्याची बायको तोपर्यंत जवळ आली होती. तिच्या हातात ओले बोंबील तसेच होते. "चौदा वरसां!" ती म्हणाली. "चौदा वरसां हा मानूस आपल्याच हाताला शिव्या देत बसला. पोरीच्या लग्नात अक्षता टाकाया डावा हात काडला यानं! आन तू? तुमच्या घरी चाय पिले मी! वयनी, तुलाबी म्हाईत हुता?"

"आज कळलं," माझी बायको म्हणाली.

"मंग तुजाबी जल्म फुकट गेला," ती म्हणाली आणि बोंबील घेऊन परत बांबूकडे गेली. तिथून ती बोलतच होती. त्यातलं काही खोटं नव्हतं.

मी पाकीट पुढे केलं. नाखव्याने हात लावला नाही. "ते होड्यांचं हायत. तुजं नाय, माजं नाय. लिलावात गेलेली पाटी परत येत नाय. पाठव जिकडं पाठवायचं तिकडं." मग त्याने जाळं बाजूला सारलं. "पन त्या दिशी वाळूवर जेवडी मानसं हुती, तेवड्यांसमोर बोल. मी त्यांना सांगितला हुता, ह्यानं वाकडा शबुद काडला नाय. माज्या तोंडून खोटा बोलवलास तू."

होड्या यायला दोन तास होते. कोणी आम्हाला आत बोलावलं नाही आणि कोणी जा म्हणालं नाही. बायकोने टॉवेल भिजवून माझ्या मानेवर ठेवला आणि आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. होड्या लागल्या तेव्हा माझे पाय गेले होते. दोन माणसांनी धरून मला वाळूवर नेलं. ज्यांनी धरलं त्यांना अजून माहीत नव्हतं मी काय बोलणार ते. मी जे नाखव्याला सांगितलं होतं तेच परत सांगितलं. आजार कसा सुरू झाला, तेही खरं सांगितलं. वारा होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुढच्यांनी त्यांना सांगितलं. त्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. नाखव्याचा भाऊ होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख आहे. माझ्याकडे पाठ करून तो भावाला म्हणाला, "उद्यापासनं पुडं."

नाखवा म्हणाला, "बगू."

जाताना मला कोणी धरलं नाही. बायकोच्या खांद्यावर हात टाकून रिक्षापर्यंत आलो. वीस पावलं होती, अर्धा तास लागला असेल.

फॉर्म दुसऱ्या दिवशी गेला, पैशांबरोबर. पहिल्या लक्षणाच्या रकान्यात बायकोने खरं वर्ष लिहिलं. मुंबईच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि तारीख विचारली. आजाराच्या हिशेबात माझी आठ वर्षं वाढली. सुपरवायझर आता हयात नाही. कारखान्याला मी पत्र लिहिलं. अपघाताच्या कागदावर नाखव्याची चूक लिहिली आहे ती काढा, एवढंच त्यात आहे. उत्तर आलेलं नाही. काट्यावरून उठवलं तर उठावं लागेल.

मासळीवाली अजून मंगळवार-शुक्रवारी कॉलनीत येते. तिची हाक शेजारच्या बिल्डिंगपासून ऐकू येते, आमच्या जिन्याशी बंद होते आणि पुढच्या जिन्याशी परत सुरू होते. बायको आता बाजारातून मासे आणते. मंगळवारी मी घरी असलो तर बाहेरच्या खोलीत बसतो, दार उघडं ठेवून.

मागच्या महिन्यात बायकोने वरच्या मजल्यावरच्या काकूंना तिला विचारायला सांगितलं की नाखवा होडीवर पुढे उभा राहतो का. काकू कोलंबी घेऊन वर आल्या आणि निरोप जसाच्या तसा दिला.

"म्हणाली, उभा रहातो. पन त्याला बोल, तुजा काय काम?"